कण्हेर, ढोल आणि साखर-मीठ-पाणी : पेशीतल्या एका पंपाचा धागा

माडाखाली | हरतालिका, रात्री ९.५०

आज सकाळी भाचीला घेऊन पत्री आणायला गेले. आघाडा, माका, डोरली बांधावरच मिळाली. शमी शेजारच्यांच्या दारात, मरवा आमच्याच कुंडीत. तुळसही घेतली, कारण एरवी गणपतीला तुळस वाहत नाहीत, पण भाद्रपद चतुर्थीच्या एकवीस पत्रींत ती असते. कण्हेरीपाशी आलो तशी भाची थांबली. बारावीला आहे, नीटची तयारी चाललीय. म्हणाली, "मावशी, कण्हेर विषारी ना? चीक लागला की हात धुवायला लावतेस. मग ही नक्की करते काय शरीरात?"

सत्तावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं, पण हा प्रश्न इतक्या योग्य जागी उभं राहून कुणी विचारला नव्हता. तिथेच बांधावर बसलो. तिला जे सांगितलं ते इथे लिहिते आहे, कारण पुस्तकात हा विषय तीन वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेला असतो आणि मुलांना तो एकच आहे हे कळतच नाही.

आपल्या प्रत्येक पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. बाहेर, रक्तात, बरोबर उलट. आकडेच बघा: सोडियम बाहेर साधारण १४५, आत १० ते १५. पोटॅशियम आत १४०, बाहेर जेमतेम ४. (एकक मिलिमोल प्रति लिटर.) हे आपोआप टिकत नाही. पेशीपटलात बारीक वाटा असतात, त्यातून सोडियम सतत आत झिरपतं आणि पोटॅशियम बाहेर. ते उपसून पुन्हा जागच्या जागी ठेवायला पटलात एक प्रथिन बसलेलं आहे, सोडियम-पोटॅशियम पंप. एका फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, खर्च एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन). स्वस्थ पडून राहिलात तरी शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त या उपशावर जातो. मेंदूत तर निम्म्याच्या आसपास.

मुलं विचारतात, एवढा खटाटोप कशाला? गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण मी दरवर्षी देते. सकाळी मोटर लावून पाणी वर चढवायचं, मग दिवसभर नळ सोडला की पाणी आपोआप येतं. नळाला वीज लागत नाही, ती आधीच टाकीत साठवलेली असते. पेशीबाहेरचं सोडियम म्हणजे ती भरलेली टाकी. ते आत यायला टपलेलं असतं, आणि येताना पेशी त्याच्याकडून कामं करून घेते. साखर आत ओढणं, कॅल्शियम बाहेर काढणं, मज्जातंतूत संदेश पळवणं, सगळं या टाकीच्या पाण्यावर. मूत्रपिंडात रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं परत खेचलं जातं, त्यामागेही हीच मोटर.

आता कण्हेर. तिच्या पानाफुलांत, सालीत, मुळांत ओलिअँड्रिन नावाचं द्रव्य असतं. ते बाहेरच्या बाजूने या पंपाच्या खाचेत बसतं आणि पंप अडकवतं. मोटर बंद. हृदयाच्या पेशीत सोडियम साचतं, त्यामुळे कॅल्शियम बाहेर काढणारा मार्ग मंदावतो, कॅल्शियमही साचतं. आधी हृदय जोरात आकुंचन पावतं, मग ठोके चुकू लागतात. रक्तात पोटॅशियम वाढतं, कारण ते आत घ्यायला पंप नाही. विलायतेत डिजिटालिस नावाच्या झाडाच्या पानांनी हेच होतं. विल्यम विदरिंग या डॉक्टरने १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच कुळातल्या झाडापासून मिळणारं डिगॉक्सिन आजही हृदयरोग्यांना देतात, पण मोजून मापून, रक्त तपासून.

पंप सापडला कसा, ते ऐकून भाचीचे डोळे मोठे झाले. डेन्मार्कमधले येन्स स्को हे डॉक्टर भूल देणाऱ्या औषधांवर काम करत होते. त्यांनी किनाऱ्यावरचे खेकडे मागवले, त्यांच्या पायांतले मज्जातंतू वाटले आणि त्या लगद्यात सोडियम, पोटॅशियम दोन्ही असलं की एटीपी भराभर मोडतं हे पाहिलं. निबंध १९५७ साली आला. पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या परिषदेत रॉबर्ट पोस्ट या अमेरिकन संशोधकाने त्यांना विचारलं, तुमचं विकर (एटीपी मोडणारं ते प्रथिन) ऊआबेनने थांबतं का? ऊआबेन हे कण्हेरीच्याच कुळातल्या आफ्रिकन झाडांतलं विष. बाणांना लावायचं. पंप अडवतं एवढं तेव्हा माहीत होतं. स्कोंनी प्रयोगशाळेत फोन करून लगेच तपासायला लावलं. विकर थांबलं. म्हणजे खेकड्याच्या लगद्यात सापडला तो पंपच होता. नोबेल मिळालं १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी.

कण्हेरीच्या कुळातल्या झाडाच्या विषाने शास्त्राला पंप ओळखायला मदत केली, हे मला फार मोठं वाटतं. आणखी कुणाकडे या पंपाच्या गोष्टी असतील तर लिहा. सणाच्या असोत, घरातल्या असोत.

---

वाशिष्ठीकाठ | रात्री १०.३५

ताई, अतिशय सुंदर. वाचनखूण साठवली. मी चिपळूणचा. आयुष्यभर जलविद्युतमध्ये नोकरी केली, त्यामुळे टाकी आणि मोटर वाचून मन तिथेच अडकलं. मोटर चालवायला एटीपी लागतं म्हणालात. मग एटीपी कुठून येतं? त्याला वीज कोण पुरवतं?

---

माडाखाली | रात्री ११.०५

दादा, हा प्रश्न तुम्हीच विचारायला हवा होता. उत्तर तुमच्या पोफळीच्या वीजघराचंच आहे. कोयनेचं पाणी शिवसागरात वर अडवलेलं, सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने खाली पोफळीला, तिथे टर्बाइन फिरवून मग तुमच्या वाशिष्ठीत. बरोबर ना?

तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या वीजघरात, हेच चाललेलं असतं, फक्त पाण्याच्या जागी प्रोटॉन. अन्नातून मिळालेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवर प्रोटॉन आतल्या पटलाच्या एका बाजूला ढकलले जातात. तिथे ते अडून राहतात. परत यायची सोय एकाच दारातून, एटीपी सिंथेज नावाच्या यंत्रातून. प्रोटॉन त्यातून उतरतात आणि यंत्राचा दांडा खरोखर गरगर फिरतो. उपमा म्हणून नाही म्हणत. १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्या दांड्याला चमकणारा तंतू चिकटवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो फिरताना पाहिला. माणसात आठ प्रोटॉन उतरले की एक फेरी, एका फेरीत तीन एटीपी.

त्या पटलावरचा दाब किती? साधारण १५० मिलिव्होल्ट. ऐकायला काहीच नाही. पण पटलाची जाडी आहे पाचेक नॅनोमीटर. मीटरच्या हिशेबात मांडलं तर तीन कोटी व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला साधारण तीस लाख पुरतात.

ही कल्पना पीटर मिशेल यांनी १९६१ साली मांडली तेव्हा कुणी मानेना. सगळे एखादं रासायनिक मधलं द्रव्य शोधत होते. मिशेल म्हणत होते, मधलं द्रव्य नाहीच, मधे आहे तो उतार. प्रकृती बिघडली म्हणून त्यांनी विद्यापीठ सोडलं, कॉर्नवॉलमधलं एक पडकं घर दुरुस्त करून तिथे छोटी प्रयोगशाळा थाटली आणि तिथूनच काम केलं. १९७८ साली एकट्यांना नोबेल.

---

वाशिष्ठीकाठ | रात्री ११.२०

म्हणजे आधी धरण, मग त्याच्या विजेवर गच्चीवरची टाकी. आणि दोन्हीकडे साठवण उंचीची. आज झोप लागायची नाही. एक विचारतो, दिवसात किती एटीपी लागतं?

---

माडाखाली | रात्री ११.३२

साधारण आपल्या स्वतःच्या वजनाइतकं. पण एका वेळी अंगात असतं अगदी थोडं. तेच ते मोडतं आणि तेच पुन्हा जोडलं जातं, दिवसातून शेकडो वेळा. म्हणून श्वास काही मिनिटं थांबला तरी पुरवठा तुटतो. चला, सकाळी प्राणप्रतिष्ठा आहे.

---

टिपरू | गणेश चतुर्थी, रात्री १०.४८

नमस्कार. मी पुण्यात ढोल-ताशा पथकात ढोल वाजवते, हे तिसरं वर्ष. धागा वेगळ्या विषयावर आहे, पण इथे जाणकार दिसतात म्हणून विचारते. आज मिरवणुकीनंतर दोन्ही कानांत शिट्टी वाजतेय आणि सगळं कापूस घातल्यासारखं बुजलेलं ऐकू येतंय. सरावाच्या वेळीही व्हायचं, सकाळपर्यंत जायचं. आई म्हणते सवय होईल. होते का?

---

कानसेन | रात्री ११.३०

टिपरू, सवय होत नाही. हे आधी सांगतो, बाकीचं नंतर.

मी श्रवणतज्ज्ञ आहे, आणि लहानपणापासून तबला ऐकत वाढलोय. तुझा प्रश्न या धाग्याच्या अगदी पोटातला आहे, कारण कानाइतका या पंपावर अवलंबून असलेला दुसरा अवयव क्वचित सापडेल.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते, कॉक्लिया. तिच्यात आवाज टिपणाऱ्या रोमपेशी. प्रत्येक कानात आतल्या ओळीत साधारण ३५०० आणि बाहेरच्या ओळींत १२०००. बस, तेवढ्याच. जन्माला येताना मिळतात तेवढ्यांवर आयुष्य काढायचं. पक्ष्यांच्या कानात मेलेल्या रोमपेशींच्या जागी नव्या येतात, आपल्या येत नाहीत.

माडाखाली ताईंनी सांगितलं की पोटॅशियम पेशीच्या आत जास्त आणि बाहेर कमी. कानात एक जागा याला अपवाद आहे. रोमपेशींच्या डोक्यावर जो द्रव असतो त्यात पोटॅशियम १५० च्या घरात. शिवाय त्या द्रवावर अधिक ८० मिलिव्होल्ट विद्युतदाब. शरीरात दुसरीकडे असा द्रव सापडत नाही. कॉक्लियाच्या भिंतीला लागून एक पट्टी असते, तिच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आणि पंपांची गर्दी. हा दाब ती बनवते. रोमपेशीचे केस आवाजाने वाकले की दारं उघडतात आणि पोटॅशियम आत धावतं. पेशीने स्वतः काही उपसायचं नाही, टाकी दुसऱ्याने भरलेली. म्हणून कान इतका झटपट आहे. तानपुऱ्याची जवारी जरा सरकली तरी कळतं, ते याच्या जोरावर.

आता ढोल. पथकाच्या मधोमध आवाज शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबलला आठ तास चालतील. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. १०० ला पंधरा मिनिटं. तू किती वाजवलंस?

एवढ्या आवाजात रोमपेशींची दारं सतत उघडी, मागचे पंप आणि तंतुकणिका दम लागेपर्यंत राबतात. तंतुकणिकांतून अपायकारक ऑक्सिजन-रेणू सुटतात आणि पेशी आतून भाजतात. बुजलेपणा सकाळी गेला म्हणजे सगळं पूर्ववत झालं, असं आम्हीही पूर्वी समजत होतो. पण २००९ साली उंदरांवरच्या एका अभ्यासात दिसलं की ऐकण्याची पातळी पूर्ण परत आल्यावरही रोमपेशी आणि मज्जातंतू यांच्यामधले कितीतरी सांधे कायमचे गेलेले होते. शांत खोलीतली चाचणी चांगली येते, गर्दीत बोलणं मात्र लागत नाही.

पथक सोड असं म्हणणार नाही. कानात फोमचे बोळे घाल. गोल वळून, बारीक करून, कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नीट बसले तर वीसेक डेसिबल कमी होतात. कापसाच्या बोळ्याने जवळजवळ काही होत नाही. वादकांसाठी वेगळे मिळतात, त्यात सूर-ताल बिघडत नाही, फक्त सगळं हळू होतं. दोन दिवसांत शिट्टी गेली नाही तर कान दाखव. एकाच कानाने अचानक कमी ऐकू आलं तर मात्र त्याच दिवशी, थांबायचं नाही.

आणि घरी आरतीला झांजा लहान मुलांच्या कानाशी वाजवू नका. कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो.

---

टिपरू | रात्री ११.५२

साडेतीन तास वाजवलं. हे वाचून पोटात गोळा आला. उद्याच आणते. पथकप्रमुखांनाही हा प्रतिसाद पाठवते.

---

सतरंजी | दुसरा दिवस, दुपारी १.१५

कानसेन, तबल्याचं नाव काढलंत म्हणून. पडदा तो पडदाच, मग ढोलाचा आवाज धमधमतो आणि तबला स्वरात लागतो, असं का?

---

कानसेन | दुपारी ३.४०

अवांतर आहे, पण आवडीचं.

नुसता ताणलेला गोल पडदा वाजवला की त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येत नाहीत. दीड, दोनच्या वर थोडे, असे अध्येमध्ये पडतात, म्हणून कानाला स्वर सापडत नाही. ढोल-ताशाला ते चालतं, तिथे ठोका हवा असतो. तबल्याच्या आणि मृदंगाच्या मधोमध शाई लावून पडदा जड केला की उपस्वर सरकून पटीत बसतात. हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सहकाऱ्याबरोबर १९२० साली 'नेचर'मध्ये मांडलं, प्रकाशावरच्या त्यांच्या प्रसिद्ध शोधाच्या आठ वर्षं आधी. तानपुऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीवरही त्यांनी काम केलं. शाई लावणाऱ्या कारागिराला मात्र हे कानाने कित्येक पिढ्या आधीच कळलेलं होतं. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला तीच माणसं आठवली.

संगीतवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. तार्तिनी नावाचा इटालियन व्हायोलिनवादक. त्याला अठराव्या शतकाच्या सुरुवातीला असं लक्षात आलं की दोन स्वर एकदम मोठ्याने वाजवले की तिसरा, न वाजवलेला स्वर खाली ऐकू येतो. तो तिसरा स्वर मुख्यतः कानातच तयार होतो. बाहेरच्या ओळींतल्या रोमपेशी आवाजाबरोबर स्वतः लांब-आखूड होतात, थोडक्यात त्याही वाजतात. १९७८ साली डेव्हिड केम्प यांनी कानात बारीक ध्वनिग्राहक ठेवून कानातून बाहेर येणारा आवाज टिपला. आज नवजात बाळाची श्रवणचाचणी त्यावर होते. बाळ झोपलेलं असतं आणि त्याचा कान उत्तर देतो. इतकी वर्षं झाली, तरी ती रेघ पडद्यावर उमटली की मला भरून येतं.

दुसरी गोष्ट कोड्यासारखी विचारतो. या रोमपेशींना नाचवणारं पटलातलं प्रथिन २००० साली सापडलं. एटीपी न घेता, नुसत्या विद्युतदाबावर ते सेकंदाला हजारो वेळा आकार बदलतं. त्याला संगीतातलं नाव दिलंय. कोणतं?

---

बारावी_ब | सायंकाळी ७.०५

प्रेस्टिन! पाश्चात्त्य संगीतातल्या प्रेस्टो या लयीवरून, म्हणजे अतिद्रुत. (मीच ती कण्हेरीपाशी थांबलेली भाची. मावशीने धागा दाखवला.)

---

कानसेन | सायंकाळी ७.३०

शाब्बास.

---

जुनी_शाळा | रात्री ९.१०

छान चर्चा. मला वाटतं आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं. कण्हेर, रुई, धोतरा, तिन्ही पत्रीत आहेत आणि तिन्ही औषधी. हे पंपाचं ज्ञानच नाही का?

---

माडाखाली | रात्री ९.५५

काका, तुमचा मुद्दा अर्धा मला पटतो. कण्हेर आणि रुई जपून हाताळायच्या, धोतऱ्याने भ्रम होतो, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होतं, आणि पत्रीच्या निमित्ताने दरवर्षी ही झाडं घरातल्या मुलांच्या ओळखीची होतात. ते ज्ञान मोठं आहे. पण झाड ओळखणं वेगळं आणि ते पेशीत काय करतं हे दाखवून देणं वेगळं. दुसरं काम खेकड्याच्या मज्जातंतूंपासून सुरू झालं. दोघांचा मान वेगवेगळा ठेवला तर दोघांचाही राहतो.

शिवाय धोतऱ्याचं काम पंपावर नाहीच. तो मज्जातंतूंचा निरोप पोचण्याच्या जागा अडवतो. कण्हेर आणि रुई मात्र एकाच पंपावर बसतात.

रुईवरून आठवलं. तिची पानं खाऊन प्लेन टायगर नावाच्या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या वाढतात. त्याच्या नात्यातलं अमेरिकेतलं मोनार्क. मोनार्कच्या सोडियम पंपात अमिनो आम्लांचे मोजके बदल झालेले आहेत, त्यामुळे विष खाचेत नीट बसतच नाही. अळी विष खाते, अंगात साठवते, आणि ते फुलपाखरात उतरतं. पक्षी एकदा चाखून ओकतो आणि पुढे त्या रंगाच्या वाटेला जात नाही.

आणि पालकांसाठी महत्त्वाचं. पिवळी कण्हेर, म्हणजे आपली बिट्टी, ही मूळची अमेरिका खंडातली. पत्रीतली करवीर, म्हणजे साधी कण्हेर, ती नव्हे. आम्ही लहानपणी बिट्ट्यांनी खेळायचो. त्या कठीण कवचाच्या आतला गर सगळ्यांत विषारी. पंप अडवणाराच. खेळायचं असेल तर खडे वापरा. मुलाने काही चावलं अशी शंका जरी आली तरी घरी ओकारी काढत बसू नका, झाडाची फांदी बरोबर घेऊन थेट दवाखान्यात जा. डिगॉक्सिनवरचा उतारा म्हणून बनवलेली प्रतिपिंडं या विषावरही चालतात, पण त्यासाठी वेळेत पोचावं लागतं.

---

जुनी_शाळा | रात्री १०.२०

दोघांचा मान वेगवेगळा, हे मान्य. आमच्या कुंपणाला बिट्टीच आहे, नातवंडं तिथेच खेळतात. उद्या काढतो.

---

सिस्टर | तिसरा दिवस, पहाटे ५.५०

रात्रपाळी संपवून लिहितेय. गणपतीत आमच्या वॉर्डात दरवर्षी जुलाबाची मुलं वाढतात. माडाखाली ताई, टाकीच्या पाण्यावर साखर आत ओढली जाते असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. माझ्यासाठी सगळा धागा त्या ओळीत आहे.

प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं ते सांगते. आतड्याच्या पेशीच्या तोंडाशी एक वाहक असतो. तो ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन, असे एकत्र असले तरच आत घेतो. सोडियम उताराने येतं आणि साखरेला हात धरून आणतं. दोघं आत गेले की पाणी मागोमाग. रॉबर्ट क्रेन यांनी हे १९६० साली प्राग इथे मांडलं. पटकीचं (कॉलऱ्याचं) विष आतड्यातून क्लोराइडचे नळ उघडतं, पाणी बाहेर धो धो जातं, पण हा वाहक शाबूत राहतो. (ते विष असतं हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं.) म्हणून नुसतं पाणी पाजून भागत नाही, नुसत्या मिठानेही नाही. साखर आणि मीठ दोन्ही हवं.

१९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पाण्यात कालवला आणि नातेवाइकांच्या हाती पाजायला दिला. मृत्यूचं प्रमाण तीसएक टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये ते गेले. पद्मविभूषण त्यानंतर, २०२३ मध्ये जाहीर झालं.

आमच्या वॉर्डात आई मुलाला वाटी-चमच्याने पाजत बसलेली असते तेव्हा मला ती छावणी आठवते.

---

सतरंजी | सकाळी ८.३०

सिस्टर, नमस्कार तुम्हाला. आम्ही घरी साखर जरा जास्तच घालतो, मुलं आवडीने पितात. चालतं ना?

---

सिस्टर | सकाळी ८.४५

नाही, नाही. साखर जास्त झाली तर ती आतड्यात पडून राहते आणि उलट पाणी ओढून आणते. जुलाब वाढतात. शीतपेयं आणि डब्यातला रसही त्यामुळेच नको. पुडी मिळाली तर पुडीच, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाण आणखी सौम्य केलंय, लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. चव डोळ्यांतल्या पाण्याइतकी, त्याहून खारट नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. मूल सुस्त पडलं, लघवी थांबली, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसलं तर दवाखाना.

---

बारावी_ब | दुपारी २.१०

सिस्टर, एक शंका. तोच वाहक मूत्रपिंडातही असतो ना? मग तिथे तो बंद केला तर साखर लघवीतून जाईल?

---

सिस्टर | रात्री ८.००

मूत्रपिंडात त्याचा भाऊ असतो, त्याला एसजीएलटी-२ म्हणतात. आणि हो, तो बंद करणाऱ्या गोळ्याच आहेत, ग्लिफ्लोझिन गटातल्या. मधुमेहासाठी देतात, आता हृदयासाठीही.

---

माडाखाली | रात्री ८.४०

आणि त्या गोळ्यांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत. त्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन काढलं गेलं, ते हे वाहक अडवतं. गोळ्या त्याच्याच धर्तीवर घडवल्या. बघ, पुन्हा झाडाच्या सालीनेच वाहक दाखवून दिला.

---

टिपरू | अनंत चतुर्दशीनंतरचा दिवस, दुपारी १२.२०

कळवायला आले. त्या रात्रीची शिट्टी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थांबली. विसर्जन मिरवणुकीत पूर्ण वेळ बोळे घालून वाजवलं. आमच्या पथकात चौदा जणांनी घातले. पहिली दहा मिनिटं विचित्र वाटलं, ठोका अंगातून येत होता आणि कानातून कमी. नंतर एक गोष्ट घडली जी तीन वर्षांत घडली नव्हती: ढोलांच्या आवाजातून ताशाची प्रत्येक काडी सुटी ऐकू आली. आज सकाळी उठले तर कान नेहमीसारखे. शिट्टी नाही. आवाज मोजायला फोनवर घेतला होता, मधल्या रांगेत १०८ पर्यंत गेला.

---

कानसेन | दुपारी १.००

फोनचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण अंदाज तोच. महिन्याभरात एकदा श्रवणचाचणी करून घे आणि कागद जपून ठेव, पुढच्या वर्षी ताडून बघता येईल. उरलेल्या पथकाला घेऊन ये कधीतरी. मी तपासून देईन सगळ्यांना.

---

वाशिष्ठीकाठ | दुपारी ४.३०

मी नातीला पोफळीच्या बाजूला फिरवून आणलं. परत येताना गाडीत विचारत होती, आजोबा, माझ्या पोटात आत्ता किती टर्बाइनं फिरतायत?

---

माडाखाली | सायंकाळी ६.१५

दादा, तिला सांगा, तिच्या मुठीत मावणाऱ्या हृदयात पेशीच्या जागेचा तिसरा हिस्सा तंतुकणिकांनी व्यापलेला असतो, आणि प्रत्येकीत हजारो टर्बाइनं असतात. मोजायला बसली तर शाळा बुडेल.

आमच्या गौरी-गणपतीचं निर्माल्य आज भाचीने वेगळं केलं. बाकीची पत्री माडाच्या आळ्यात घातली. कण्हेर आणि रुई तिने बाजूला काढून मागच्या कुंपणाशी हातभर खोल खड्ड्यात पुरली, कारण शेजारच्या शेळ्या आळ्यापर्यंत येतात.